पाहुणा होण्याची विद्या : इब्ने बतूता



पाहुण्याच्या हक्कांविषयी आपण पुष्कळ ऐकतो. अल्लाहवर आणि अंतिम दिनावर ज्याची श्रद्धा आहे त्याने पाहुण्याचा सन्मान करावा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपल्या घरातील लहान मुलांनाही ठाऊक असते. हजरत इब्राहीम (अ.) यांनी अनोळखी पाहुण्यांसमोर विनाविलंब भोजन आणून ठेवले, हा कुरआनातील प्रसंगही आपल्या परिचयाचा आहे. परंतु पाहुण्याने यजमानाच्या घरी कसे बसावे, कसे ऐकावे, न उमजलेली रीत दिसली तर काय करावे, याचा विचार आपण क्वचितच करतो. सूरह हुजुरातमध्ये अल्लाह सांगतो की मानवांना राष्ट्रांत आणि कबिल्यांत विभागले ते त्यांनी एकमेकांना ओळखावे म्हणून. ही ओळख दुरून पाहून होत नाही. त्यासाठी कोणाच्या तरी घरी जाऊन बसावे लागते आणि उठण्याची घाई करून चालत नाही.

आज ज्यांचे चरित्र आपल्यासमोर ठेवत आहे, त्यांनी आयुष्याची जवळजवळ 29 वर्षे इतरांच्या घरी पाहुणा म्हणून काढली. ते आलिम होते आणि काझीही होते. ही विद्या त्यांना पुष्कळदा साधली. काही वेळा मात्र ती त्यांच्या हातून निसटली. आपल्यासाठी दोन्ही प्रसंग मोलाचे आहेत.

तंजाहून प्रस्थान

अबू अब्दुल्लाह मुहम्मद इब्ने बतूता यांचा जन्म 1304 मध्ये मोरोक्कोच्या तंजा शहरात झाला. घराणे काझींचे, मस्लक मालिकी. 1325 च्या जून महिन्यात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते हजच्या इराद्याने एकटेच घराबाहेर पडले. आईवडील दोघेही हयात होते आणि त्यांच्या वियोगाचे दुःख मोठे होते, असे त्यांनी पुढे सांगितले.

काफिला ट्यूनिसला पोहोचला तेव्हा नगरवासी स्वागताला बाहेर आले. प्रत्येकाला कोणी ना कोणी सलाम करत होते, ख्यालीखुशाली विचारत होते. या तरुणाला ओळखणारे तेथे कोणीही नव्हते. त्यांना रडू आवरेना. काफिल्यातील एका हाजींनी ते पाहिले आणि कारण ओळखले. ते जवळ आले, सलाम केला आणि शहरात प्रवेश होईपर्यंत त्यांच्याशी बोलत राहिले. वाचकहो, त्या हाजींनी त्यांना पैसा दिला नाही, दिला तो केवळ सलाम आणि संवाद. परक्या गावात माणसाला सर्वप्रथम कशाची भूक लागते, हा धडा इब्ने बतूता यांना प्रवासाच्या आरंभीच मिळाला.

दुसरा धडा इस्कंदरियात मिळाला. तेथे बुरहानुद्दीन नावाच्या एका वलींच्या घरी ते तीन दिवस पाहुणे होते. या तरुणाला प्रवासाची आवड आहे हे त्या बुजुर्गांनी बोलता बोलता जाणले. हिंद, सिंध आणि चीन येथे आपले तीन बंधू आहेत, त्यांना आपला सलाम पोहोचवावा, असे त्यांनी सांगितले. तोपर्यंत इतक्या दूर जाण्याचा विचार इब्ने बतूता यांच्या मनातही आला नव्हता. जगाच्या इतिहासातील एका महान प्रवासाचे बीज असे एका यजमानाच्या घरी, तीन दिवसांच्या निवांत बोलण्यात रुजले. पुढे त्या तिघांचीही भेट झाली आणि सलाम पोहोचला, असे इब्ने बतूता यांनी नोंदवले आहे.

मोगादिशूची थाळी, अंतालियाचा चर्मकार

हज अदा केल्यानंतर त्यांची पावले थांबली नाहीत. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोगादिशू येथे त्यांनी एक सुंदर रीत पाहिली. जहाज बंदरात आले की गावातील तरुण लहान होड्यांतून झाकलेली अन्नाची ताटे घेऊन येत. प्रत्येक जण एका व्यापाऱ्यापुढे ताट ठेवून हा आपला पाहुणा असे जाहीर करी. मग तो व्यापारी त्याच्याच घरी उतरे आणि मालाची खरेदी-विक्रीही त्याच्यामार्फतच होई. इब्ने बतूता व्यापारी नसून फकीह आहेत असे कळताच त्यांना काझींच्या स्वाधीन करण्यात आले. तेथील भोजनाचे त्यांनी केलेले वर्णन कोकणातील वाचकांना घरचेच वाटेल : तूप घातलेला भात, त्यावर कोंबडीचे, मांसाचे, मासळीचे आणि भाज्यांचे कालवण, सोबत लिंबाचे आणि मिरीच्या घोसांचे लोणचे, आले आणि आंबे.

तेथून पुढे काही काळाने ते अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात आले. तेथे भाषाच कळत नव्हती. अंतालिया शहरात ते एका शेखांकडे बसले असताना जुनेर कपडे घातलेला एक माणूस आला आणि तुर्कीत काही बोलला. शेखांनी अर्थ सांगितला की हा तुम्हाला आणि तुमच्या सोबत्यांना जेवणाचे आमंत्रण देत आहे. इब्ने बतूता यांनी होकार दिला. पण तो माणूस गेल्यावर त्यांनी शेखांपाशी चिंता व्यक्त केली की हा तर गरीब दिसतो, याच्यावर भार कशाला? शेख हसले. त्यांनी समजावले की हा चामड्याचे काम करणारा कारागीर असून अखी मंडळींचा प्रमुख आहे. सुमारे दोनशे कारागिरांनी त्याला आपला म्होरक्या निवडले आहे. त्यांनी मिळून पाहुण्यांसाठी एक वास्तू उभारली आहे. दिवसभर जे कमावतात ते रात्री पाहुण्यांवर खर्च करतात.

मगरिबनंतर इब्ने बतूता तेथे गेले. उत्तम गालिचे आणि काचेचे दिवे यांनी ती वास्तू सजली होती. जेवण झाले, मिठाई आली, फळे आली. परदेशी माणसाला इतका जीव लावणारे लोक आपण जगात कोठे पाहिले नाहीत, अशी साक्ष त्यांनी पुढे दिली. आमंत्रण देणाऱ्याचे कपडे पाहून त्यांनी मनात जो अंदाज बांधला होता, तो शेखांच्या चार वाक्यांनी पुसला गेला. शेजारी समजावून सांगणारा कोणी नसता, तर अखींची ही परंपरा त्यांच्या डोळ्यांसमोर असूनही त्यांना दिसली नसती.

लादिक गावात तर आणखी गंमत झाली. बाजारातून जाताना दुकानांतून माणसे धावत आली आणि घोड्यांचे लगाम धरून बसली. दुसऱ्या गटाने त्यांना अडवले. सुरे निघण्यापर्यंत वेळ आली. हे वाटमारे आहेत अशी इब्ने बतूता यांची खात्री पटली होती. अखेर अरबी जाणणारे एक हाजी भेटले आणि उलगडा झाला की हे दोन अखी गट पाहुणा कोणाचा यावरून भांडत आहेत! शेवटी चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि प्रश्न मिटला.

सिनोपची कसोटी

काळ्या समुद्राच्या काठी सिनोप येथे मात्र संशयाची पाळी यजमानांची होती. तो प्रदेश हनफी मस्लकाचा. इब्ने बतूता मालिकी पद्धतीप्रमाणे हात मोकळे सोडून नमाज पढत. ते पाहून लोकांना वाटले की हा दुसऱ्याच पंथाचा असावा. मालिकी मस्लकाची ही रीत आहे असे सांगूनही शंका फिटली नाही. मग तेथील सुलतानाच्या नायबाने त्यांच्याकडे एक ससा पाठवला आणि ते काय करतात हे पाहण्यास आपला नोकर ठेवला. ज्या पंथाची शंका होती, त्या पंथात ससा खात नाहीत. इब्ने बतूता यांनी तो शिजवून खाल्ला आणि संशय मिटला.

हा प्रसंग वाचताना हसू येते, पण आपणही किंचित आत्मपरीक्षण करावे. आपल्या महाराष्ट्रात कोकणातील बहुतेक मुस्लिम शाफई आहेत, घाटावरचे बहुतेक हनफी. लग्नसंबंधाने किंवा नोकरीने आपण एकमेकांच्या गावी जातो. रुकूला जाताना कोणी हात उचलतो, कोणी उचलत नाही. फज्रच्या नमाजात कोणी कुनूत पढतो, कोणी पढत नाही. अशा वेळी शेजारच्या नमाजीकडे तिरक्या नजरेने पाहून आपण मनातल्या मनात किती ससे पाठवत असतो! सलाम फेरल्यावर प्रेमाने विचारले असते, तर दोन मिनिटांत ज्ञानही मिळाले असते आणि एक भाऊही.

नंदुरबार आणि होनावर

1333 मध्ये इब्ने बतूता सिंधू नदीच्या तीरी पोहोचले. दिल्लीत सुलतान मुहम्मद बिन तुघलक यांनी त्यांना काझीपद दिले. 1342 मध्ये सुलतानाचे दूत म्हणून ते चीनकडे निघाले आणि त्या वाटेवर आपल्या महाराष्ट्रात आले. दौलताबादचा किल्ला त्यांनी पाहिला आणि पुढे नंदुरबारला पोहोचले.

नंदुरबारच्या मराठ्यांविषयीची त्यांची नोंद लहान आहे, पण लक्ष देऊन वाचण्याजोगी आहे. हे लोक कारागिरीत निपुण आहेत, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषी आहेत. त्यांच्यातील उच्चकुलीनांचा आहार भात, भाज्या आणि तिळाचे तेल. प्राण्यांना पीडा देणे त्यांना रुचत नाही. ते मद्य पीत नाहीत. जेवणापूर्वी स्नान करतात. नात्यात विवाह करायचा तर मध्ये सात पिढ्यांचे अंतर हवे, असा त्यांचा नियम आहे. वाचकहो, विचार करा, सात पिढ्यांचा नियम घोड्यावरून जाताना दिसतो का? तो कोणीतरी सांगावा लागतो आणि विचारणाऱ्याने बसून ऐकावा लागतो. त्या सांगणाऱ्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही, पण त्याचे बोलणे सुमारे पावणेसातशे वर्षे टिकले आहे. आणखी एक गोष्ट. त्यांच्या स्नानाचे वर्णन करताना इब्ने बतूता यांनी आपल्या गुस्लची उपमा दिली. परक्याची रीत सांगताना तिची थट्टा न करता आपल्या घरातील पवित्र गोष्टीशी तिची तुलना करणे, हा समजून घेण्याचा प्रामाणिक मार्ग आहे.

गोव्याच्या दक्षिणेस होनावर येथे सुलतान जमालुद्दीन यांचे ते पाहुणे झाले. तेथील लोक शाफई. स्त्रियांना कुरआन मुखोद्गत. गावात मुलींच्या 13 आणि मुलांच्या 23 शाळा, आणि असे अन्यत्र पाहिले नाही, अशी त्यांची नोंद आहे. सुलतानाच्या पंगतीचा क्रमही त्यांनी बारकाईने सांगितला. आधी पळीभर भात, त्यावर तूप, बाजूला मिरी, आले, लिंबू आणि आंब्याचे लोणचे. मग कोंबडी, मासळी, भाज्या, प्रत्येकासोबत पुन्हा भात. शेवटी आंबट दही. पिण्यास गरम पाणी, कारण पावसाळ्यात थंड पाणी बाधते अशी तेथील समजूत. एकदा तर सलग अकरा महिने ते या यजमानाकडे राहिले आणि त्या काळात त्यांना भाकरीचा तुकडाही मिळाला नाही. पुढे भाताचा इतका कंटाळा आला की पाण्याच्या घोटाशिवाय तो गळ्याखाली उतरेना, असे ते कबूल करतात. तरीही यजमानाच्या ताटाची निंदा त्यांनी केली नाही.

मालदीव : दोन पाहुणे

आता ज्या ठिकाणी त्यांची ही विद्या उणी पडली तेथे येऊ. मालदीव बेटांवर त्यांनी काही काळ काझीपद सांभाळले. तेथे त्यांनी बेटवासीयांकडून एक कथा ऐकून ठेवली. तीही एका पाहुण्याचीच आहे.

बेटांवर इस्लाम येण्यापूर्वी मगरिबमधून आलेले अबुल बरकात नावाचे एक हाफिज एका वृद्धेच्या घरी उतरले होते. एके दिवशी घरी परतले तो नातेवाईक जमून मयतीत रडावे तसे रडत होते. त्यांनी कारण विचारले, पण भाषा कळेना. मग दुभाषी आणला. तेव्हा कळले की दर महिन्याला समुद्रातून येणाऱ्या एका दुष्ट शक्तीला मुलगी अर्पण करण्याची तेथे प्रथा आहे आणि या वेळी चिठ्ठी त्या वृद्धेच्या एकुलत्या एक लेकीच्या नावाने निघाली आहे. अबुल बरकात यांनी तिच्या जागी स्वतः जाण्याची तयारी दाखवली. रात्रभर ते त्या मंदिरात कुरआनचे पठण करत राहिले आणि सकाळी सुखरूप सापडले. त्यानंतर राजाने आणि प्रजेने इस्लाम स्वीकारला. कथेतील अद्भुत भाग बाजूला ठेवला तरी तिचा गाभा पाहा. पाहुण्याने यजमानिणीला ती का रडते हे विचारले, आणि भाषा कळेना म्हणून प्रश्न सोडून दिला नाही.

हीच कथा ऐकून सांगणारे इब्ने बतूता सुमारे दोनशे वर्षांनंतर त्याच बेटांवर आले ते काझी होऊन. लोक धर्मनिष्ठ आहेत, स्वच्छ आहेत, भांडखोर नाहीत, हे त्यांनीच लिहिले. पण जुमाच्या नमाजाला न येणाऱ्यांना त्यांनी फटक्यांची शिक्षा सुरू केली. तेथील स्त्रिया कमरेच्या वरचे अंग झाकत नसत. त्यांना वस्त्र घालायला लावण्याचा त्यांनी हुकूम काढला, तो त्यांच्या न्यायसभेच्या दाराबाहेर चालला नाही. एका चोराचा हात तोडण्याची आज्ञा त्यांनी दिली, तेव्हा सभेतील कित्येक जण बेशुद्ध पडले. अखेर वजिराशी बेबनाव होऊन त्यांना बेटे सोडावी लागली.

शरीअतचा हुकूम काय आहे, याविषयी येथे वाद नाही. सतर झाकणे फर्ज आहे आणि जुमाही फर्ज आहे. प्रश्न इतकाच आहे की तो हुकूम हृदयापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो. अबुल बरकात दुभाषी घेऊन एका रडणाऱ्या कुटुंबात बसले. इब्ने बतूता गादीवर बसले. दोघेही मगरिबचे, दोघेही कुरआनचे जाणकार. एकाच्या बोलण्याने बेटे बदलली. दुसऱ्याचा हुकूम त्याच्या पाठोपाठ जहाजात चढून गेला.

वलाताचे घर

चीनपर्यंतचा प्रवास सांगून ते 1349 मध्ये मायदेशी परतले. वडिलांचे निधन अनेक वर्षांपूर्वी झाल्याची वार्ता दमास्कसमध्येच मिळाली होती. आईही त्यांच्या परतण्याच्या थोडेच आधी महामारीत अल्लाहला प्यारी झाली होती. 1352 मध्ये सहारा वाळवंट ओलांडून ते माली राज्याच्या सीमेवर वलाता गावी पोहोचले.

आरंभच नाराजीने झाला. स्वागताच्या मेजवानीत भरडलेल्या बाजरीवर थोडे मध आणि दूध घालून अर्ध्या भोपळ्याच्या वाडग्यात दिले गेले. एवढ्यासाठीच बोलावले होते का, असे त्यांनी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की होय, आमच्याकडे हाच सर्वांत मोठा पाहुणचार. येथून भले काही मिळणार नाही असे वाटून त्यांनी परत फिरण्याचे ठरवले होते, पण मग थांबले. सुमारे पन्नास दिवस राहिले आणि तेथील लोकांनी त्यांचा मान ठेवला. तेथील मसूफा जमातीत वंश मामाच्या नावाने चालतो आणि वारसा भाच्याला मिळतो, हे त्यांना कळले. अशी रीत त्यांनी पूर्वी केवळ मलबारच्या बिगरमुस्लिमांत पाहिली होती. येथे तर लोक पक्के नमाजी होते, फिकह शिकणारे आणि कुरआन पाठ करणारे होते.

एके दिवशी ते आपल्या एका मसूफी परिचिताच्या घरी गेले. ते गृहस्थ गालिच्यावर बसले होते. घराच्या मध्यभागी एका छत असलेल्या पलंगावर एक स्त्री आणि एक पुरुष बोलत बसले होते. विचारल्यावर यजमानांनी सांगितले की ती आपली पत्नी आणि तो तिचा स्नेही. इब्ने बतूता चकित झाले. तुम्ही आमच्या देशात राहिलात, शरीअत जाणता, तरी हे मान्य करता, असे त्यांनी विचारले. यजमानांनी शांतपणे उत्तर दिले की आमच्याकडे स्त्री-पुरुषांचा स्नेह सभ्यतेचा असतो, त्यात संशयाला जागा नसते आणि आमच्या स्त्रिया तुमच्याकडील स्त्रियांसारख्या नाहीत. इब्ने बतूता उठले आणि निघून गेले. त्या गृहस्थांनी पुढे अनेकदा बोलावणे धाडले. ते पुन्हा कधीच गेले नाहीत.

वाचकहो, येथे थोडे थांबू. परक्या स्त्री-पुरुषांच्या एकांताविषयी आणि पडद्याविषयी शरीअतचे नियम स्पष्ट आहेत. एका काझीला अस्वस्थ वाटले यात दोष नाही. त्यांनी प्रश्न विचारला हेही योग्यच. पण उत्तर आल्यानंतर ते उठले, आणि संवाद जेथे सुरू व्हायचा तेथेच संपला. पुन्हा गेले असते, तर कदाचित नसीहत करता आली असती. कदाचित त्या मसूफी गृहस्थांनी त्यांना असे काही सांगितले असते, जे आज आपल्याला कोणत्याही ग्रंथात सापडत नाही. पुन्हा पुन्हा बोलावणारा यजमान रागावलेला नव्हता. त्याला बोलायचे होते.

तरीही एका गोष्टीसाठी इब्ने बतूता यांना दाद द्यावी लागते. फास येथे मरिनी सुलतान अबू इनान यांच्या आज्ञेवरून त्यांनी आपला प्रवास इब्ने जुझय्य नावाच्या विद्वानाला सांगून लिहवून घेतला. 1355 च्या डिसेंबरमध्ये हा ग्रंथ पुरा झाला. त्यात त्या यजमानाचे उत्तर त्यांनी दडवले नाही आणि त्याचे वारंवार येणारे आमंत्रणही लपवले नाही. ज्याच्याशी मतभेद आहे, त्याचे बोलणे जसेच्या तसे सांगणे ही अमानत आहे, आणि ती त्यांनी पाळली. मालीच्या लोकांत अन्याय फार कमी आहे, वाटसरू निर्भय आहेत, जुमाला मशीद इतकी भरते की आधी मुसल्ला पाठवून जागा धरावी लागते, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिले. 1368-69 च्या सुमारास त्यांचे निधन झाले असे मानतात. अल्लाह त्यांच्यावर रहमत करो.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी फार थोड्यांना चीन किंवा माली पाहण्याचा योग येईल. पण सासरच्या गावी, नव्या शहरातील भाड्याच्या घरात, दुसऱ्या मस्लकाच्या मशिदीत, बिगरमुस्लिम शेजाऱ्याच्या ओसरीवर आपण रोज पाहुणे असतो. आपल्याला खटकणारी एखादी रीत दिसते, आपण चहा अर्धवट ठेवून उठतो आणि घरी येऊन निकाल सांगतो. पुढच्या वेळी असे झाले तर वलाताचे ते घर आठवावे. आपला दीन आपल्यापाशी सुरक्षित आहे, ऐकून घेतल्याने तो कमी होत नाही. प्रश्न विचारावा, उत्तर पूर्ण होऊ द्यावे आणि पुन्हा बोलावणे आले तर जावे.

अल्लाह आपल्याला चांगले यजमान होण्याबरोबरच चांगले पाहुणे होण्याचीही तौफीक देवो. आमीन.